खराटेवाले गाडगेबाबा

इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, रोहणा



२० डिसेंबरला संत गाडगे महाराजांची पुण्यतिथी असते. म्हणून आमच्या भित्तिपत्रकाचा हा अंक थोर माणसांवर काढला आहे. गुरुजींनी एका डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला झाशीची राणी पाहिजे होती, कारण तिच्या गोष्टीत घोडा आहे, तलवार आहे. चिठ्ठी उघडली तर गाडगेबाबा निघाले. मागच्या बाकावरचे पोट्टे हसले. प्रभातफेरीत एक मुलगा गाडगेबाबा झाला होता, त्याला बापाचा फाटका सदरा घालावा लागला होता आणि डोक्यावरचं खापर सारखं घसरत होतं, ते त्यांना आठवलं. मला चिठ्ठी बदलून मागायची होती. पण घरी आल्यावर आजीला सांगितलं, तर आजीने चिठ्ठी बदलायची नाही असं बजावलं. काहून, ते पुढे सांगते.

गुरुजींनी एका कागदात मावेल एवढंच लिहायला सांगितलं होतं. माझे चार कागद झाले. गुरुजींनी चारही चिकटवू दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. हे गाव अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडे आहे. आपल्या आर्वी तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. म्हणजे बाबा फार दूरचे नव्हते, आपल्या पलीकडचेच होते. त्यांच्या वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखुबाई. आडनाव जानोरकर. घरात सगळे त्यांना डेबू म्हणत. ते परीट समाजाचे होते. लोकांचे कपडे धुणे हे त्यांच्या घराण्याचे काम.

डेबूच्या वडिलांना दारूचे व्यसन लागले. दारूने घर गेले, शेती गेली आणि शेवटी १८८४ साली वडीलही गेले. तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आमच्या वर्गातल्या सगळ्यांपेक्षा लहान. आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे असं पुस्तकात वाचलं. तरी दारू कुठून येते ते मोठ्यांना माहीत.

मग सखुबाई डेबूला घेऊन आपल्या भावाकडे गेल्या. मामांचे नाव चंद्रभानजी. ते मूर्तिजापूरजवळ दापुरे या गावी राहत. डेबू मामांची ढोरं चारायला नेऊ लागला. शाळेत काही गेला नाही. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. पण सकाळी लवकर उठून गोठा झाडणं, शेण काढणं, बैल धुणं ही कामं तो मनापासून करायचा. जवळून पूर्णा नदी वाहते. डेबू पट्टीचा पोहणारा होता, पुरातसुद्धा पोहायचा. (हे लिहिलं म्हणून कोणी नदीच्या पुरात उतरू नका. गुरुजींनी हे वाक्य घालायला लावलं.) मोठा झाल्यावर डेबू उत्तम कास्तकार झाला. रात्री गड्यांना जमवून भजन म्हणायचा.

मामांचं चांगलं वावर होतं. एका सावकाराकडून त्यांनी कर्ज घेतलं. कर्ज कितीही फेडलं तरी सावकाराच्या वहीत ते वाढतच गेलं. मामांना वाचता येत नव्हतं, म्हणून वहीत काय लिहिलं ते कळत नव्हतं. शेवटी सावकाराने जमीन गिळली आणि मामा त्या दुःखाने वारले. इथे मी थोडा वेळ लिहायचं थांबले होते. आमच्या घरीही वावर जायची वेळ आली होती. पण ते पुढे.

डेबूजींनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. म्हणून पुढे ते आयुष्यभर लोकांना दोन गोष्टी सांगत राहिले, की कर्ज काढून सण आणि लग्न करू नका, आणि पोरांना शाळेत घाला. घरातली भांडी मोडावी लागली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खावी, पण लेकरू शिकवावं, असं ते सांगत. स्वतः शाळेत न गेलेला माणूस हे सांगतो, तेव्हा ते जास्त खरं वाटतं, असं मला वाटतं.

१८९२ साली डेबूजींचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. त्यांना मुलगी झाली. त्या काळी त्यांच्या जातीत अशी रीत होती की बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची. नाही दिली तर लोक नावं ठेवत. डेबूजींनी सगळ्यांना गोड जेवण वाढलं आणि दारूचा थेंब आणला नाही. जेवायला आलेले लोक रागावले. डेबूजी हात जोडून उभे राहिले, पण आपलं सोडलं नाही. आमच्या आजीचं म्हणणं, परक्याला नाही म्हणणं सोपं असतं, सोयऱ्याला नाही म्हणणं लय कठीण.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. अंगावर फाटकं कापड, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं एवढंच सोबत नेलं. गाडगं म्हणजे मातीचं लहान भांडं. जेवायचं त्यातच, पाणी प्यायचं त्यातच, आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. वेगवेगळ्या चिंध्या शिवून केलेला अंगरखा घालायचे म्हणून काही जण चिंधेबुवाही म्हणत. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. आणि हातात खराटा आला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

आता मी एक गोष्ट खरी लिहिते. घर सोडलं हे मला आवडलं नाही. कुंताबाईंना किती वाईट वाटलं असेल. लेकरं लहान होती. सगळ्या जगाला मदत करायची आणि घरच्यांना सोडून जायचं, हे कसं? मी गुरुजींना विचारलं. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं की त्यांनाही याचं उत्तर नीट देता येत नाही, आणि तू प्रश्न तसाच लिही. म्हणून तसाच लिहिला. कोणाला उत्तर येत असेल तर मला सांगा.

पुढची बारा वर्षं बाबा गावोगाव फिरले. पाय नेतील तिकडे जायचे. वाटेत कोणाची बंडी चिखलात रुतली तर खांदा लावायचे. कोणाच्या डोक्यावर ओझं असेल तर ते आपल्या डोक्यावर घ्यायचे. वाटेवर काटे, दगड पडले असतील तर बाजूला करायचे. आणि काम झालं की नाव न सांगता निघून जायचे. भूक लागली तर भाकर मागायचे, पण फुकट घ्यायचे नाहीत. आधी त्या घरचं काहीतरी काम करायचे, लाकडं फोडायचे, अंगण झाडायचे, मग शिळी भाकर मिळाली तरी खायचे.

एखाद्या गावात शिरले की बाबा काही न बोलता रस्ता झाडायला लागायचे. नाल्या उपसायचे. लोकांना वाटायचं, कोणी वेडा आला. पोरं मागे लागायची. झाडता झाडता दुपार व्हायची, सगळा रस्ता साफ व्हायचा. मग बाबा स्वतःच गावकऱ्यांचं अभिनंदन करायचे, की तुमचं गाव आता स्वच्छ झालं! हे वाचून मला खूप हसू आलं. काम यांनी केलं आणि शाबासकी गावाला. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, त्या गावाला थोडी लाजही वाटली असेल.

माझ्या आजीचं माहेर नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात आहे. आजीच्या वडिलांनी गाडगेबाबांना पाहिलं होतं. ते लहान होते तेव्हाची गोष्ट. ती आजीने त्यांच्या तोंडून ऐकली आणि मी आजीच्या तोंडून ऐकली. एका सकाळी पारापाशी एक चिंध्या घातलेला माणूस झाडत होता. आजीच्या वडिलांनी आणि त्यांच्या सोबतच्या पोरांनी त्याची टिंगल केली. एकाने तर त्याने गोळा केलेला कचरा पायाने उधळला. तो माणूस रागावला नाही. त्याने तोच कचरा पुन्हा गोळा केला. रात्री गावात कीर्तन होतं, दूरदूरची माणसं बंड्या जुंपून आली होती. पोरं पुढे जाऊन बसली. पाहतात तर कीर्तनाला तोच माणूस उभा! आजीचे वडील भीतीने मागे जाऊन लपले. त्यांना वाटलं, आता सगळ्यांसमोर नाव घेतील. बाबांनी काही नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ज्याने कचरा उधळला होता तोच पोरगा सगळ्यात आधी खराटा घेऊन पारापाशी आला. कचरा उधळणारा तो पोरगा कोण होता, ते आजीच्या वडिलांनी कधी सांगितलं नाही. आजीला मात्र संशय आहे की ते स्वतःच असावेत.

बाबांचं कीर्तन वेगळं असायचं. ते संस्कृत श्लोक वगैरे म्हणत नसत. आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलायचे, आणि लोकांना मध्येच प्रश्न विचारायचे. लोक उत्तर द्यायचे आणि आपल्याच उत्तरात अडकायचे. देवापुढे बकरं कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, सावकाराचं कर्ज काढू नका, असं सगळं ते हसवत हसवत गळी उतरवायचे. तुकाराम महाराजांना ते आपले गुरू मानत. पण आपण स्वतः कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असं सांगत. कोणी पाया पडायला वाकलं तर त्यांना आवडत नसे. काठी उगारायचे, अशी लोक आठवण सांगतात.

कीर्तनाला हजारो लोक यायचे. लोक पैसे द्यायचे. ते पैसे बाबांनी आपल्यासाठी ठेवले नाहीत. ऋणमोचन नावाचं गाव पूर्णेच्या काठी आहे. तिथे यात्रा भरते. काठावर चिखल असायचा, बायाबापड्या घसरून पडायच्या. बाबांनी तिथे १९०८ साली घाट बांधला, म्हणजे पायऱ्या. स्वतःही त्या कामावर राबले. १९१७ साली पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली. पंढरपूरला वारीला सगळे जायचे, पण ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत त्यांना कोणी आसरा देत नसे. ती माणसं पावसात उघड्यावर राहायची. विठोबाच्या गावात असं होतं, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. त्या माणसांसाठी ही धर्मशाळा होती. पुढे १९४९ साली बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मोठी इमारत अशी देऊन टाकायची म्हणजे काय! आमच्याकडे रबर दिलं तरी परत मागतात.

मूर्तिजापूरला १९२५ साली त्यांनी गोरक्षण सुरू केलं, तिथे धर्मशाळा आणि शाळाही केली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा बांधल्या. गरीब, आंधळे, पांगळे यांच्यासाठी सदावर्ते सुरू केली. सदावर्त म्हणजे रोज फुकट जेवण. कुष्ठरोग्यांची सेवा केली. त्या काळी लोक कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही भीत असत. आपल्या वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, ते आमच्या गुरुजींनी आम्हाला सांगितलं होतं. तशीच माणसं ही.

१९२३ साली बाबांच्या मुलाला, गोविंदाला, पिसाळलेला कुत्रा चावला आणि तो वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला गेले होते. तिथे त्यांना निरोप मिळाला. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. पुस्तकात हे मोठेपणाचं म्हणून लिहिलं आहे. मी आजीला वाचून दाखवलं तर आजीने तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने तिचं म्हणणं पडलं, की कीर्तन थांबवून रडायला लागले असते तर एवढ्या लोकांना कोणी आवरलं असतं, ते नंतर एकटे बसून रडले असतील. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. पण मलाही तसंच वाटतं.

आता आजीबद्दल.

मी दुसरीत होते तेव्हा आजीच्या गालात आतून फोड आला. तो बरा होईना. आजी लहानपणापासून तंबाखू खायची. हे लिहू की नको असं मी विचारलं, तर आजीनेच लिहायला सांगितलं, म्हणजे बाकीचे खाणार नाहीत. आर्वीला दाखवलं, मग वर्ध्याला दाखवलं, मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) तुरी विकल्या, एक बैल विकला. आई घरी माझ्या लहान भावाजवळ आणि ढोरांजवळ राहिली. उन्हाळ्याची सुट्टी होती. वडील रांगेत उभे राहतील तेव्हा आजीजवळ बसायला कोणीतरी पाहिजे, म्हणून मला नेलं. पुलगावहून आगगाडीने आम्ही दादरला गेलो.

मुंबईत आम्हाला कोणी ओळखीचं नव्हतं. पहिल्या दोन रात्री आम्ही रस्त्याच्या कडेला झोपलो. तिथे आमच्यासारखीच खूप माणसं होती. वडिलांनी खोलीचं भाडं विचारून पाहिलं आणि परत येऊन खाली बसले. काही बोलले नाहीत. मग रात्री आजीला हळूच सांगत होते, की इतके दिवस राहायचं म्हणजे वावराचा तुकडा काढावा लागेल. त्यांना वाटलं मी झोपले. मी झोपले नव्हते.

तिसऱ्या दिवशी रांगेतल्या एका माणसाने आम्हाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा सांगितली. त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही. तो आपली रांगेतली जागा सोडून आमच्यासोबत रस्त्यापर्यंत आला आणि कोणत्या बाजूने जायचं ते दाखवलं. धर्मशाळेत दवाखान्याचे कागद दाखवावे लागले, नाव लिहिलं, आणि आम्हाला जागा मिळाली. थोडक्या पैशांत राहायला, जेवायला. तिथे भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो होता. आजी फोटोसमोर उभी राहिली आणि किती वेळ हललीच नाही. आपल्या पलीकडच्या गावचा माणूस मुंबईत भेटला, असं तिला वाटलं. वडिलांची कचऱ्याची गोष्ट तिने मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितली.

बाबांच्या नावाचं गाडगे महाराज मिशन ८ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झालं. खेड्यातून दवाखान्यासाठी मुंबईला येणाऱ्या माणसाला रात्री अंग टाकायला जागा नसते, हे बाबांना ठाऊक होतं. दवाखाना औषध देतो, पण सोबत आलेल्या माणसाने कुठे राहायचं? याचा विचार त्यांनी केला. त्यांना स्वतःला तर झाडाखाली झोपायची सवय होती.

आमच्या शेजारी बिहारकडची एक बाई होती. तिच्या मुलाला आजार होता, तो माझ्याएवढाच होता. तिला मराठी येत नव्हतं आणि आजीला हिंदी धड येत नव्हती, शिवाय ऑपरेशननंतर आजीला बोलताच येत नव्हतं. तरी दोघींचं जमलं. माझे वडील औषधांच्या रांगेत असायचे तेव्हा ती बाई आजीचं लुगडं धुवून टाकायची. आजीला पातळच प्यावं लागायचं, तर ती आपल्या मुलाच्या डाळीचं वरचं पाणी काढून आजीला द्यायची. मी तिच्या मुलाला सागरगोटे शिकवले. सागरगोटे नव्हते, मग आम्ही बाटल्यांची बुचं घेतली. तिथे कोणाला कोणाची जात विचारताना मी ऐकलं नाही. सगळे एकच विचारायचे, की रिपोर्ट काय आला.

तिथल्या जिन्यावर कोणी काही सांडलं तर जो पाहील तो पुसायचा. आजीला थोडं बरं वाटायला लागलं तेव्हा एक दिवस सकाळी पाहते तर आजी जागेवर नाही. मी घाबरले. शोधलं तर आजी गालाला पट्टी बांधलेली, हातात केरसुणी घेऊन आमच्यासमोरची जागा झाडत होती. तिथल्या माणसाने केरसुणी घ्यायला हात पुढे केला तर आजी देईना. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. तो माणूस हसला आणि निघून गेला. रोज सकाळी मग आजी तेवढी जागा झाडायची.

आम्ही दोन महिन्यांनी परत आलो. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, माझी तेवढी गैरहजेरी लागली. वावर वाचलं. निघताना आजीने आपली वाकळ त्या बाईच्या मुलाला दिली. ती वाकळ आजीने जुन्या लुगड्यांची स्वतः शिवलेली होती. मला तेव्हा राग आला, कारण मी लहानपणापासून त्याच वाकळीत झोपायचे. गाडीत रात्री थंडी वाजली तर वडिलांनी आपलं धोतर आम्हा दोघींवर टाकलं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. आमच्याजवळ त्यांचा पत्ता नाही. आजी कधी कधी त्याची आठवण काढते.

आता गाडगेबाबांचं शेवटचं सांगते. १९५६ साली ते ८० वर्षांचे होते. तब्येत बिघडली होती तरी फिरत होते. त्या वर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर वारले. बाबांना फार दुःख झालं. दोघांचा एकमेकांवर फार लोभ होता. एक खूप शिकलेले, दुसऱ्यांना सहीसुद्धा कठीण. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांचे निधन झाले. ना घर, ना दवाखाना, वाटेवरच. अमरावतीला त्यांची समाधी आहे. त्या भागाला गाडगेनगर म्हणतात. अमरावतीच्या विद्यापीठालाही आता त्यांचं नाव आहे, ज्यांनी शाळा पाहिली नव्हती त्यांचं! आणि २००० सालापासून महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्यात गावागावांत स्पर्धा असायची. स्पर्धा म्हटली की तपासणीच्या दिवशी सगळे खराटा घेतात, असं आमचे आबाजी हसून सांगतात.

आमच्या शाळेच्या फाटकासमोर नाली आहे. ती तुंबते. पावसाळ्यात पहिलीच्या पोरांना उडी मारून यावं लागतं आणि एखादा पडतोच. हा लेख लिहिताना मी, आणि चिठ्ठी पाहून हसलेल्यांपैकी दोन पोट्टे, असं आम्ही तिघांनी मिळून ती एका शनिवारी साफ केली. घाण वास येत होता. एकाला उलटी आली. सोमवारी पुन्हा त्यात कोणीतरी खर्ऱ्याच्या पन्न्या टाकल्या होत्या. मला खूप राग आला, मी कोणी टाकल्या ते शोधणार होते. मग आजीच्या वडिलांची गोष्ट आठवली आणि शोधलं नाही. पन्न्या काढल्या. मंगळवारी परत होत्या. त्याही काढल्या. बुधवारी दोनच होत्या. आज गुरुवार आहे, अजून पाहिलं नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदनाला सगळे पालक येतील, तेव्हा हे भित्तिपत्रक भिंतीवर असेलच. माझी आजी पण येणार आहे. दर काही महिन्यांनी तिला तपासणीला जावं लागतं, पण ती चालतेफिरते, थोडं थोडं बोलते. तिला वाचता येत नाही. मी तेव्हा लेझीम पथकात असेन. म्हणून जे कोणी इथे वाचत उभे असाल त्यांना विनंती आहे, की हिरव्या लुगड्यातली, गालाला व्रण असलेली म्हातारी दिसली तर तिला हा लेख वाचून दाखवा. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. उजव्या बाजूला उभं राहा आणि सावकाश वाचा.